शब्दलाघव आणि शब्दलोप

(१)

‘थोडक्यांत गोडी, फारांत लबाडी’ ही म्हण लहानपणापासून कानांवर असते. परंतु लिहितांना थोडक्यांत कसें आटपावें, आणि थोडकें म्हणजे किती थोडकें, हें कोणी शिकवीत नाहीं. प्रस्तुत लेखास निमित्त माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं पिंपळनेर व आसपासचीं गांवें यांविषयीं मीं एक टिपण लिहिलें. तें फार लांबलें. ज्यांस तें वाचावयास दिलें त्यांनीं ‘निम्में करा’ एवढाच शेरा मारून परत पाठविलें. शेरा योग्य होता, म्हणून मीं तें निम्में केलें. तसें करतांना एका जुन्या खासगी पत्राचा चार ओळींचा सारांश दीड ओळीवर आणला. मूळ पत्रांत पलीकडच्या एका गांवीं लूट झाल्याचा मजकूर होता, आणि त्याच्या शेवटीं ‘ऐसें वर्तमान ऐकिलें’ असे तीन शब्द होते. मला ते पाल्हाळ वाटले व मीं ते गाळले. पुढें एका वृद्ध स्नेह्यांनीं मूळ पत्र आणि माझा सारांश शेजारींशेजारीं ठेवून विचारलें, “लूट झाली हें आपण कशावरून म्हणतां? पत्र लिहिणारा तर तसें म्हणत नाहीं.” तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या मनुष्यानें जें केवळ ऐकलें होतें, तें माझ्या लेखणीनें घडवून आणलें होतें.

टिपण छापलें गेलें नव्हतें म्हणून निभावलें. छापलें असतें तर दुसऱ्यानें त्याच्या आधारें लिहिलें असतें, तिसऱ्यानें त्या दुसऱ्याच्या आधारें. आणि एका गांवाच्या इतिहासांत न झालेली लूट कायमची बसली असती. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. अक्षर बदलल्यानें होणारा अनर्थ गाजतो. शब्द गाळल्यानें होणारा अनर्थ गाजत नाहीं, कारण गाळलेला शब्द कोणास दिसत नाहीं.

तेव्हांपासून एक प्रश्न मनांत आहे. अनावश्यक शब्द कोणता? लांब असतो तो नव्हे, जुना असतो तो नव्हे, आणि पुन्हां आलेला असतो तोही नेहमींच नव्हे. माझें उत्तर असें आहे कीं, ज्या शब्दाचें काम वाक्यांत दुसरें कांहीं तरी आधींच करीत आहे, तोच शब्द अनावश्यक. हें उत्तर मला आपल्या जुन्या कागदांनींच शिकविलें. तें कसें, हें पुढें दाखवितों.

(२)

जुनें मराठी पत्र हातीं घेतलें म्हणजे प्रथम जाणवतें तें हें कीं, त्यांत थांबावयास कोठें जागा नाहीं. मोडी लिहिणारा आधीं आडवी शिरोरेघ ओढी आणि तिच्याखालीं बोरूनें, हात होईल तितका कमी उचलून, अक्षरें जोडीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, स्वल्पविराम नाहीं, अवतरणचिन्ह नाहीं. मराठींत विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिलें जातें. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालीं निघाली. अर्थात् शिवकालांतील व पेशवाईंतील पत्रव्यवहार या चिन्हांवांचून झाला.

तरीही तीं पत्रें लिहिणारास व वाचणारास नीट समजत, कारण चिन्हांचें काम शब्द करीत होते. दुसऱ्याचें बोलणें किंवा दुसऱ्याच्या पत्रांतील मजकूर संपला कीं ‘म्हणोन’ येई. तें त्या काळचें मिटणारें अवतरणचिन्ह होय. ‘ऐसियास’ आलें कीं मागील हकीकत संपली व लिहिणाराचें स्वतःचें म्हणणें सुरू झालें असें समजावयाचें; तेथें आपण आज नवा परिच्छेद घालतों. ‘येविशीं’ या शब्दानें मागील मुद्दा पुन्हां हातीं घेतला जाई. ‘तरी’ आलें कीं हकीकतीवरून निघणारी आज्ञा अथवा विनंती पुढें येत आहे हें कळे. ‘कळावें’ आणि ‘जाणिजे’ हे पूर्णविराम होत.

समजुतीकरितां एक नमुना रचून देतों. तो कोणत्याही दप्तरांतील नाहीं.

“तुम्हीं लिहिलें कीं घाटाखालीं पाऊस नाहीं दाणा महाग जाला म्हणोन ऐसियास येथेंही तीच गत आहे तरी बैल एवढ्यांत न पाठवणें कळावें”

हाच मजकूर आज आपण असा लिहूं: तुम्हीं लिहिलें, “घाटाखालीं पाऊस नाहीं, दाणा महाग झाला.” येथेंही तीच गत आहे. बैल एवढ्यांत पाठवूं नका.

‘कीं’, ‘म्हणोन’, ‘ऐसियास’, ‘तरी’ आणि ‘कळावें’ हे पांच शब्द गेले आणि अर्थास धक्का लागला नाहीं; कारण त्यांचें काम चिन्हांनीं उचललें. परंतु चिन्हें न घालतां हे पांच शब्द काढून पाहावेत. पाऊस कोठें नाहीं, दाणा कोणाच्या गांवीं महाग झाला, आणि ही बातमी कोण कोणास देत आहे, कांहींच कळेनासें होतें.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी कीं, जुन्या पत्रांतील हे शब्द पाल्हाळ नव्हते. ते जेव्हां लिहिले गेले तेव्हां त्यांवांचून वाक्य उभें राहत नव्हतें. दुसरी अशी कीं, आज आपण पुष्कळदां दोन्ही वापरतों. अवतरणचिन्ह घालतों आणि वर ‘असें म्हणून’, ‘अशा प्रकारें’ हेंही घालतों. नवा परिच्छेद सुरू करतों आणि वर ‘आतां याच संदर्भांत पुढें असें सांगावयाचें आहे कीं’ असेंही लिहितों. चिन्ह आल्यावर शब्दास रजा द्यावयाची राहून गेली. आपल्या गद्यांतील बराचसा मेद या राहून गेलेल्या रजेचा आहे.

(३)

जुने कारकून शब्द वांचवीत नसत असें मात्र नाहीं. शब्द वांचविण्यांत त्यांचा हात धरणारा आज मिळणार नाहीं. मौजे या शब्दास ‘मौ॥’, कसब्यास ‘क॥’, परगण्यास ‘प॥’, मुक्कामास ‘मु॥’, चिरंजीवास ‘चि॥’, तीर्थरूपांस ‘ती॥’, बिन या शब्दास ‘बि॥’ इतकेंच लिहून ते पुढें जात. तारखेपूर्वीं ‘छ’ हें एकच अक्षर पुरे होई. पत्र आल्यावर पावल्याची तारीख ‘पौ छ’ एवढ्या खुणेनें टांकली जाई.

या संक्षेपामागें एक नियम दिसतो. जो भाग वाचणारा निःसंशय भरून काढील तोच गाळावयाचा. ‘मौ॥’ नंतर गांवाचें नांव येणारच, म्हणून ‘मौजे’ पुरें लिहिण्याचें कारण नाहीं. गांवाचें नांव मात्र कोणी गाळीत नसे. ज्यानें नवें कांहीं कळतें तें ठेवावयाचें, जें ठरलेलें आहे तें आंखडावयाचें, अशी ही रीत आहे.

हा नियम जेथें चुकतो तेथें काय होतें, याचें उदाहरण शुहूर सनाचें आहे. हा सन अरबी संख्यावाचक शब्दांनीं लिहीत: आधीं एकं, मग दहं, मग शतक, मग सहस्र. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर व हजार, अर्थात् ११७२. यांत ५९९ मिळविले म्हणजे इ. स. १७७१ येतें, आणि हें वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळें तें १७७१-७२ असें धरावें लागतें. परंतु कारकून पुष्कळदां ‘मया व अलफ’ हे शब्द गाळून ‘सन इसन्ने सबैन’ एवढेंच लिहीत. लिहिणारास व वाचणारास शतक ठाऊक होतें, तेव्हां त्यांचें कांहीं अडलें नाहीं. आपलें अडतें. ‘इसन्ने सबैन’ हें १०७२ ही असूं शकतें आणि ११७२ ही. पहिलें धरलें तर कागद शिवछत्रपतींच्या काळचा ठरतो, दुसरें धरलें तर थोरल्या माधवरावांच्या काळचा. शतकाचे दोन शब्द गळले आणि शंभर वर्षांचा घोळ झाला. मग कागदांतील नांवें, शिक्का, अक्षराचें वळण यांवरून तें शतक पुन्हां शोधून काढावें लागतें.

१७६१ च्या पानिपतची बातमी सावकारी पत्रांतून मोतीं, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेंत दक्षिणेंत आली, ही हकीकत ग्रँट डफच्या इतिहासामुळें सर्वत्र झाली आहे. तें पत्र त्रोटक असूनही पेशव्यांस सर्व कळलें, कारण मोतीं कोण हें त्यांस ठाऊक होतें. तात्पर्य, लाघव हें वाचकाच्या माहितीवर उभें असतें. ती माहिती नाहींशी झाली कीं लाघवाचें कोडें होतें. म्हणून शब्द गाळण्यापूर्वीं आपला वाचक कोण आणि तो केव्हां वाचणार, हें विचारलें पाहिजे. आपल्या त्रैमासिकाचा अंक पन्नास वर्षांनींही कोणी उघडतो. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीं कोणी उघडीत नाहीं. दोहोंस एकच माप लावतां येत नाहीं.

(४)

आतां उलट बाजू पाहूं. ज्या कारकुनास ‘मौजे’ हा दोन अक्षरांचा शब्द पुरा लिहिण्याचा कंटाळा, तोच इनामाची सनद लिहूं लागला कीं हात सैल सोडतो. ‘कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, खेरीज हक्कदार व इनामदार करून, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित’ अशी ती ठरीव शब्दमालिका आहे. नवशिका वाचक तिला अलंकार समजतो आणि सारांशांत ‘गांव सर्व हक्कांसह इनाम दिला’ असें लिहून मोकळा होतो.

पण यांतील एकेक शब्द म्हणजे एकेक हक्क आहे. ‘कुलबाब कुलकानू’ म्हणजे वसुलाच्या सर्व बाबी व सर्व कानू. ‘हल्लीपट्टी’ म्हणजे आज चालू असलेली पट्टी; ‘पेस्तरपट्टी’ म्हणजे पुढें बसेल ती. हा दुसरा शब्द नसता तर उद्यां बसणारी नवी पट्टी सरकारची कीं इनामदाराची, हा तंटा उभा राहता. ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’ या शब्दांनीं गांवांतील पूर्वींच्या वतनदारांचें रक्षण होतें: गांव दिला, परंतु त्यांचें आहे तें दिलें नाहीं. पाणी, झाडें, गवत, लांकूड, दगड, पुरलेलें धन आणि ठेव हीं सात नांवें वेगवेगळीं घेतलीं आहेत, कारण सात निरनिराळे तंटे संभवत होते. सारांश लिहिणारानें ‘सर्व हक्कांसह’ म्हटलें कीं, ‘खेरीज’ या शब्दानें ज्यांस वगळलें होतें त्यांचेही हक्क तो नकळत इनामदारास देऊन टाकतो. सनदेंत वांचलेला वतनदार सारांशांत बुडतो.

हें केवळ पंडितांच्या काथ्याकुटाचें प्रकरण नव्हतें. इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत इनाम कमिशन बसलें आणि १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनामांच्या हक्कांची चौकशी झाली, तेव्हां घराघरांतून असे कागद बाहेर निघाले. सनदेंत काय लिहिलें आहे आणि काय लिहिलेलें नाहीं यावर कित्येक कुटुंबांची पुढची मिळकत अवलंबून होती. तेथें ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें’ हे शब्द आहेत कीं नाहींत याला अलंकारापेक्षां फार जास्त किंमत होती.

मायन्याचेंही तसेंच आहे. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘वेदमूर्ति’, ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’, ‘मोकदम मौजे अमुक’ हे शब्द वाचतांना आपण भराभर ओलांडतों. परंतु लिहिणारा व घेणारा यांच्यांत वडील कोण, धाकटा कोण, आज्ञा कोणाची आणि विनंती कोणाची, हें याच शब्दांत सांगितलेलें असतें. नांवें फाटून गेलेल्या पत्राचा उलगडा कित्येकदां मायन्यावरूनच होतो. शेवटचें ‘मोर्तब सुद’ हें मजकूर येथें संपला व त्यावर शिक्का झाला याची ग्वाही देतें. मजकुराच्या शेवटास लागून शिक्का झाला म्हणजे खालीं मागाहून एखादी ओळ घुसडण्यास वाव राहत नाहीं. ‘पौ छ’ हीं अक्षरें गाळलीं तर पत्र किती दिवसांत पोंचलें, म्हणजे त्या वाटेवरची ये-जा कशी होती, हें कळण्याचें साधन गेलें.

एक बारीक गोष्ट आणखी. ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’, ‘धनदौलत’, ‘रीतिरिवाज’ या जोड्या पाहाव्यात. प्रत्येकींत एक शब्द फारसी-अरबींतून आलेला व एक आपल्याकडचा आहे, आणि दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच. कांटेकोर लेखक म्हणेल कीं एक काढा. परंतु दरबारची भाषा एक आणि रयतेची दुसरी असे ज्या काळीं होतें, त्या काळीं अशी जोडी दोन्हीकडच्या माणसांस एकदम समजे. आज ती जोडी मोडून एकच शब्द झाली आहे. ‘कागदपत्र’ म्हणजे कागद अधिक पत्र असें कोणी मोजीत नाहीं. पुनरुक्ति दिसली कीं कात्री चालवावी हा नियम येथें लागू पडत नाहीं.

(५)

येथवर दुसऱ्यांच्या शब्दांविषयीं बोललों. आतां आपल्या स्वतःच्या लेखनाकडे वळूं. कारण खरी कात्री तेथेंच चालवावयाची आहे, आणि तेथेंच आपण ती चालवीत नाहीं.

संशोधनपर लेखांत सर्वांत अधिक जागा खाणारी रचना म्हणजे ‘करण्यांत आलें’. ‘गांव इनाम देण्यांत आलें’, ‘उल्लेख करण्यांत आलेला आहे’, ‘वसूल करण्यांत येत असे’. ही रचना लांब आहे हा तिचा लहान दोष. तिचा मोठा दोष हा कीं, ती कर्ता लपविते. गांव इनाम दिलें कोणीं? पेशव्यांनीं, सुभेदारानें, कीं बादशहानें? ‘पेशव्यांनीं गांव इनाम दिलें’ असें लिहूं गेलें कीं, तें पेशव्यांनींच दिलें हें आपणांस ठाऊक आहे काय, असा प्रश्न लेखकाच्या पुढें उभा राहतो. ठाऊक नसेल तर पुन्हां कागदाकडे जावें लागतें. येथें वाक्य आंखूड होतें आणि ज्ञान वाढतें.

दुसरा प्रकार प्रस्तावनेचा. ‘येथें हें नमूद करणें अप्रस्तुत होणार नाहीं कीं’ असें आपण लिहितों. प्रस्तुत असेल तर तें सरळ सांगावें. अप्रस्तुत असेल तर सांगूंच नये. दोन्ही पक्षीं हे शब्द निरुपयोगी ठरतात. तिसरा प्रकार दुहेरी पहाऱ्याचा: ‘इ. स. १७६१ या सालीं’, ‘पुन्हां परत’, ‘वगैरे इत्यादि’. ‘स.’ म्हणजेच सन. मग ‘सालीं’ कशास? चौथा प्रकार संशयाचा. ‘बहुधा असें असावें असें वाटण्याचा संभव आहे’ या वाक्यांत संशय तीन ठिकाणीं आहे. संशय एकदां सांगणें हा प्रामाणिकपणा होय. तो तीनदां सांगणें म्हणजे चुकल्यास अंगावर येऊं नये अशी तजवीज. त्यांतील एक ठेवावा व दोन काढावेत. तिन्ही काढूं नयेत. माझी चूक त्याच जातीची होती.

आणि लहान शब्द म्हणून कोणाचा बळी देऊं नये. ‘पाटील आला’, ‘पाटीलही आला’, ‘पाटीलच आला’ या तीन निरनिराळ्या हकीकती आहेत. ‘ही’ आणि ‘च’ हीं एकेक अक्षराचीं अव्ययें आहेत. परंतु पहिल्यानें इतर लोक आले होते असें कळतें, दुसऱ्यानें कोणी आलें नव्हतें असें.

(६)

प्रत्यक्ष उदाहरण घेतलें म्हणजे बोलणें पटतें. आमच्याच गांवाविषयीं एक मजकूर घेतों. माझ्या पहिल्या टिपणाची भाषा साधारण अशीच होती.

“पिंपळनेर हें जें गांव आहे तें गांव सध्यांच्या काळांत धुळें जिल्ह्यामधील साक्री या तालुक्यामध्यें असून सदरहू गांव हें पांझरा नांवाच्या नदीच्या कांठावर वसलेलें असें आहे. या ठिकाणीं विशेष नमूद करण्यासारखी गोष्ट अशी कीं, इंग्रजी अमदानीच्या काळामध्यें प्रसिद्ध करण्यांत आलेल्या १८८० या सालच्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियर या ग्रंथामध्यें पिंपळनेर या नांवाचा एक स्वतंत्र असा तालुका असल्याचा उल्लेख करण्यांत आलेला आढळून येतो.”

हे साठ शब्द आहेत. आतां तोच मजकूर असा:

“पिंपळनेर पांझरेच्या कांठीं आहे. आज तें साक्री तालुक्यांत, धुळें जिल्ह्यांत मोडतें. १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत मात्र पिंपळनेर हा स्वतंत्र तालुका आहे.”

हे एकवीस शब्द झाले. एकही माहिती गळली नाहीं. पांझरा ही नदी आहे हें ‘कांठीं’ या शब्दानें कळतें, म्हणून ‘नांवाच्या नदीच्या’ गेलें. १८८० म्हटल्यावर इंग्रजी अमदानी निराळी सांगावयास नको. गॅझेटियर हा ग्रंथच असतो. ‘नमूद करण्यासारखी गोष्ट’ हें ‘मात्र’ या एका शब्दानें सांगितलें. प्रत्येक गेलेल्या शब्दाचें काम कोणी तरी राहिलेला शब्द करीत आहे. हें शब्दलाघव होय.

आतां कात्री आणखी चालवितों:

“पिंपळनेर पांझरेकांठीं, धुळें जिल्हा, साक्री तालुका, पूर्वीं स्वतंत्र तालुका.”

शब्द नऊच राहिले. पण काय गेलें तें पाहावें. ‘आज’ गेलें. १८८० सालीं धुळें जिल्हा नव्हताच. तेव्हां खानदेश हा एक जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, पश्चिम खानदेशाचा पुढें धुळें जिल्हा झाला, आणि १९९८ सालीं त्यांतून नंदुरबार निराळा निघाला. ‘आज’ हें एक पद या सर्व गोंधळापासून वाचकास वांचवीत होतें. साल गेलें, ‘पूर्वीं’ म्हणजे यादवांच्या काळीं कीं इंग्रजांच्या, हें कळेना. आणि सर्वांत वाईट हें कीं गॅझेटियर गेलें, म्हणजे साक्षीदार गेला. आतां वाचकानें तपासावयाचें कोठें? या गेलेल्या शब्दांचें काम करणारा कोणी मागें राहिला नाहीं. हा शब्दलोप होय. साठांवरून एकवीसांवर येणें हा संस्कार. एकवीसांवरून नवांवर येणें ही नासाडी.

तारेच्या दिवसांत लोक दर शब्दास पैसा पडतो म्हणून विचार करून लिहीत. ती तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तार लिहिणारा मोजून शब्द घाली ही गोष्ट घेण्यासारखी आहे; परंतु तारेचा अर्थ लावण्यास घरचें माणूसच लागे, हेंही विसरूं नये.

(७)

यावरून संशोधकाचीं तीन कामें निरनिराळीं ठेवलीं पाहिजेत असें मला वाटतें.

पहिलें काम नकलेचें. येथें एक अक्षरही गाळावयाचें नाहीं. ‘पौ छ’ देखील नाहीं, पुनरुक्ति देखील नाहीं, चूक देखील नाहीं. शब्द लागला नाहीं तर जागा मोकळी ठेवून तसें सांगावें. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत. पुढें त्यांनीं जुन्या पत्रांतील फारसी शब्द मोजून, शिवकालापासून पुढें त्यांचें प्रमाण कसें घटत गेलें हें दाखविलें. मूळ पत्रांच्या ऐवजीं कोणी ‘अनावश्यक’ शब्द काढलेले सुटसुटीत सारांश ठेवले असते, तर ही मोजणी होऊंच शकली नसती. पत्र लिहिणारास, घेणारास आणि पहिल्या वाचकास निरुपयोगी वाटणारा शब्द दोनशें वर्षांनीं भाषेच्या इतिहासाचा पुरावा ठरतो. राजवाड्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास पडला आणि १९२७ सालीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. आम्हां खानदेशच्या लोकांस तरी हा धडा दूर जाऊन शिकावयास नको.

दुसरें काम सारांशाचें. येथें शब्द गाळावयाचेच आहेत. परंतु चार गोष्टी राखाव्यात: कोण बोलतो, कोणास बोलतो, केव्हां बोलतो, आणि पाहिलेलें सांगतो कीं ऐकलेलें. ‘म्हणोन’, ‘ऐकिलें’, ‘खेरीज’, ‘पेस्तर’ असे शब्द दिसले कीं हात आंवरावा. सारांश तयार झाल्यावर तो मूळ कागदाशेजारीं ठेवून एकच गोष्ट विचारावी: मूळ लिहिणारानें माझ्या या वाक्यावर सही केली असती काय?

तिसरें काम स्वतःच्या विवेचनाचें. येथें दयामाया नको. आपले शब्द कोणत्याही दप्तराचा पुरावा नाहींत. प्रत्येक वाक्यांतील एकेक शब्द झांकून वाचावें. झांकल्यानें कांहीं बिघडलें नाहीं तर तो पुसून टाकावा. मोठ्यानें वाचल्यास हें काम सोपें होतें, कारण डोळा ज्यास ओलांडून जातो त्यावर जीभ अडखळते.

आपल्याकडे बहुधा उलटें होतें. लेख लांबला कीं आपण मूळ कागदांचे उतारे आंखडतों आणि आपलें विवेचन तसेंच ठेवतों. कारण उतारा दुसऱ्याचा असतो आणि विवेचन आपलें. जागेची टंचाई असेल तर आधीं आपलें काढावें आणि त्यांचें ठेवावें. ते उत्तर द्यावयास येऊं शकत नाहींत. आपण येऊं शकतों.

(८)

माझें टिपण पुढें मीं पुन्हां लिहिलें. ‘ऐसें वर्तमान ऐकिलें’ हे शब्द जागच्या जागीं बसविले, आणि ती जागा काढण्याकरितां त्या काळच्या धामधुमीवर मीं लिहिलेलें एक भरघोस वाक्य रद्द केलें. त्या वाक्यांत माहिती नव्हती, आवाज होता. टिपण पहिल्यापेक्षां आंखूड झालें आहे. आणि त्या गांवीं लूट झाली कीं नाहीं हा प्रश्न, जसा होता तसा, खुला राहिला आहे. दुसरा एखादा कागद कोणाच्या घरीं निघेल तेव्हां त्याचा निर्णय होईल.

आपले पूर्वज पत्राच्या शेवटीं ‘बहुत काय लिहिणें’ असें लिहीत. काम झाल्यावर थांबण्याची ती खूण होती. ती येथें लागू आहे.